महागाई उतरली म्हणतात, मग पिशवी हलकी का?



आम्ही मुंबईत लालबाग, परळ, दादर आणि गिरगाव या भागातल्या बचत गटांचं काम बघतो. आमच्या गटांतल्या बहुतेक बायकांची गावं तुमच्याकडचीच. कोणी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या, कोणी सातारा-कोल्हापूरच्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा इथून गावाला मनीऑर्डर जायची, आता फोनवरून पैसे जातात. लालबागच्या खोलीत खर्च वाढला की गावच्या घरी येणारी रक्कम कमी होते. म्हणून आजचा विषय तुमचाही आहे आणि आमचाही.

आमच्या बैठकांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, बातम्यांत सांगतात महागाई कमी झाली. मग तेवढ्याच पैशांत पिशवी पूर्वीसारखी का भरत नाही? आम्हीच उधळ्या झालो का?" नाही. तुमचा हिशेब चुकत नाही आणि बातमीही खोटी नाही. दोघांचं बोलणं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल आहे. ते आधी समजून घेऊ, म्हणजे घरात काय करायचं तेही कळेल.

भाव आणि भाववाढीचा वेग

बातम्यांत जो महागाईचा दर सांगतात, तो भाव नसतो. गेल्या वर्षी याच महिन्यात जे भाव होते, त्यापेक्षा यंदा ते शेकडा किती वाढले, एवढंच तो सांगतो. एप्रिल २०२२ मध्ये हा दर ७.७९ टक्के होता. जुलै २०२५ मध्ये तो २ टक्क्यांच्याही खाली आला. म्हणजे भाव खाली आले का? नाही. भाव चढण्याचा वेग कमी झाला. जिना धावत चढणारा माणूस हळू चढायला लागला, तरी तो वरच्याच मजल्यावर असतो.

आकड्यांत बघू. समजा, एक वस्तू १०० रुपयांना होती आणि दर वर्षी ती ६ टक्क्यांनी महाग होत गेली. सहा वर्षांनी ती १४२ रुपयांच्या घरात जाते. सातव्या वर्षी दर उतरून २ टक्के झाला. बातमी येते, "महागाई आटोक्यात". पण वस्तू १०० ला मिळत नाही, ती १४५ च्या आसपास गेलेली असते.

याचं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे गॅसचा सिलिंडर. मुंबईत १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर मे २०२० मध्ये ५७९ रुपयांना होता. मार्च २०२३ मध्ये तो ११०२ रुपये ५० पैशांवर गेला. त्या वर्षी ऑगस्टअखेर २०० रुपये कमी झाले, मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपये कमी झाले, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये वाढून तो ८५२ रुपये ५० पैसे झाला. म्हणजे ११०२ शी तुलना केली तर स्वस्त, आणि ५७९ शी केली तर २७३ रुपये ५० पैसे महाग. त्या भावाने वर्षाला आठ सिलिंडर लागणाऱ्या घराला एकट्या गॅसपायी वर्षाकाठी २१८८ रुपये जास्त मोजावे लागत होते. उज्ज्वला योजनेत नाव असेल, तर सिलिंडरमागे अनुदानाचे पैसे खात्यात जमा व्हायला हवेत. पासबुक भरून आणा आणि ते येतात का ते बघा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेचं मुख्य कार्यालय आमच्या गिरगावपासून जवळच, फोर्टात आहे. महागाई आवरण्याचं काम या बँकेकडे आहे. पण तिला दिलेलं उद्दिष्ट महागाई शून्यावर आणण्याचं नाही. ते ४ टक्क्यांचं आहे, वर-खाली २ टक्के चालतात. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी भाव दर वर्षी थोडे चढणारच, हे धरूनच कारभार चालतो. एखाद्या महिन्यात टोमॅटो किंवा कांदा स्वस्त होईल, पण सगळं घर २०१९ च्या भावात पुन्हा चालेल, अशी वाट बघण्यात अर्थ नाही.

भाव चढले कशामुळे?

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा देशात धान्य नव्हतं असं नाही. गोदामं भरलेली होती. अडलं ते गाड्या, हमाल आणि बाजार बंद पडल्यामुळे. मुंबईला भाजीपाला पुरवणारा वाशीचा बाजारही मे २०२० मध्ये काही दिवस बंद ठेवावा लागला. तुमच्या शेतात भाजी सडत होती आणि दादरला ती मिळत नव्हती. टंचाई नेहमी माल नसल्यामुळेच होते असं नाही. माल पोचला नाही तरी होते.

पुढे खाद्यतेलाचं झालं. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल परदेशातून येतं. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफुलाचं बरंचसं युक्रेन आणि रशियातून. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या दोन देशांत युद्ध पेटलं. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात बंद केली, ती मे महिन्यात परत सुरू केली. इतक्या लांबच्या घडामोडींनी आपल्या कढईतलं तेल महाग केलं.

तिसरं कारण पावसाचं. लालबागच्या मसाला गल्लीत मार्च ते मे या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. बायका मिरची निवडून घेतात, भाजून घेतात, डंकावर कुटून घेतात. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी नाहीतर गुंटूर. यातली ब्याडगी कर्नाटकातली आणि गुंटूर आंध्रातली. तिकडे पीक बिघडलं की लालबागला मसाल्याचा भाव फुटतो.

पण याची दुसरी बाजू तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली माहीत आहे. मार्च २०२४ मध्ये ब्याडगीच्या बाजारात मिरचीचा भाव कोसळला, तेव्हा शेतकऱ्यांच्या संतापाचा उद्रेक झाला. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. तेवढे महिने शहरातल्या गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला आणि नाशिककडच्या शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं. म्हणून "सगळं स्वस्त झालं पाहिजे" एवढं बोलून आपलं भागत नाही. तुम्ही कांदा विकताही आणि तेल विकत घेताही. विकताना काय मिळालं आणि घेताना काय गेलं, दोन्ही बाजू वहीत यायला हव्यात.

मिळकत मागे राहिली

भाव वाढले आणि मिळकतही तेवढीच वाढली, तर फारसं बिघडत नाही. आमच्या भागात तसं झालं नाही. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. जूनमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली. सगळ्या बायकांना ठरावीक वेळेत प्रवास करता येऊ लागला तो २१ ऑक्टोबरपासून. तोवर कार्यालयांना डबे देणाऱ्या, घरकामाला जाणाऱ्या बायका घरीच होत्या. मसाल्याचा २०२० चा हंगाम टाळेबंदीत गेला. त्या वर्षी लालबागच्या राजाची मूर्ती बसली नाही. मंडळाने त्याऐवजी रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरं घेतली. निर्णय योग्यच होता. पण गणपतीच्या दहा दिवसांत चहा, वडापाव, हार विकून मुलांच्या फीची सोय करणाऱ्या घरांची ती कमाई बुडाली.

या दिवसांत रेशनने तारलं. एप्रिल २०२० पासून माणशी ५ किलो धान्य नेहमीच्या वाट्याच्या वर फुकट मिळत होतं. डिसेंबर २०२२ नंतर हे जादा धान्य थांबलं. जानेवारी २०२३ पासून नेहमीचा वाटा फुकट झाला. "फुकट" हा शब्द ऐकून बरं वाटलं. पण माणशी ५ किलो मिळणाऱ्या पाच माणसांच्या घराला ५० किलोऐवजी २५ किलो मिळू लागलं. उरलेलं २५ किलो दुकानातून समजा ३५ रुपयांनी घेतलं, तर महिन्याला ८७५ रुपये झाले. हा खर्च नवा आहे, हे पुष्कळ घरांत कोणी वहीत मांडलंच नाही. पैसे कमी पडतात एवढंच कळत राहिलं.

खड्डा भरायला काढलेलं कर्ज

मिळकत आणि खर्च यांच्यामधला हा खड्डा बायकांनी कर्जाने भरला. खरा धोका इथे आहे.

लॉकडाऊनमध्ये मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने कर्जाचा हप्ता पुढे ढकलायची मुभा होती. पुष्कळांना वाटलं, हप्ता माफ झाला. तो माफ नव्हता, लांबणीवर होता, आणि तेवढ्या दिवसांचं व्याज चढत होतं. पुढे व्याजावरचं व्याज सरकारने परत दिलं, पण मूळ व्याज भरावंच लागलं.

त्यानंतर मोबाइलवर कर्ज देणारी ॲप आली. समजा, ५००० रुपयांचं कर्ज मंजूर झालं. "प्रक्रिया शुल्क" कापून हातात आले ४०००, आणि पंधरा दिवसांत फेडायचे पूर्ण ५०००. म्हणजे ४००० वर पंधरा दिवसांत १००० रुपये. महिन्याचा दर झाला ५० टक्के. गटातलं कर्ज महिना २ टक्क्यांनी असेल, तर ४००० वर महिन्याला ८० रुपये होतात, आणि तेही गटातच राहतात.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये अशा कर्जांसाठी नियम केले. कर्जाचा एकूण खर्च आधी लेखी सांगायचा, पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात द्यायचे, फोनमधले नातेवाइकांचे नंबर आणि फोटो घ्यायचे नाहीत. एखादं ॲप तुमचे नंबर मागत असेल तर तिथेच थांबा. फसवणूक झाली किंवा धमकी आली तर १९३० या क्रमांकावर सांगा. बँक किंवा वित्त कंपनीबद्दल तक्रार असेल तर रिझर्व्ह बँकेचा क्रमांक १४४४८ आहे. धमकीच्या फोनला घाबरून दुसरं कर्ज काढू नका, आणि ही गोष्ट लपवू नका. गटात बोला. अशा वेळी बाई एकटी पडली की तिच्यावर दडपण आणणं सोपं जातं.

हे दुखणं नवीन नाही. आमच्या गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. किराणा उधारीवर, आणि वर सावकाराचं व्याज. दिवसभर चुलीपुढे राबूनही हातात काही राहत नसे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं त्यांना मिळवून दिली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि खानावळींचे पानवाले गेले. इतका मोठा तडाखा बसूनही मंडळ टिकलं, कारण बायका सावकाराच्या दारातून बाहेर पडल्या होत्या आणि एकमेकींना धरून होत्या. त्याआधी, १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड झालं. ते ८० रुपये खाण्यात गेले नाहीत, पापडाच्या पिठात गेले. म्हणून ते फिटलेही आणि वाढलेही.

आता काय करायचं?

पहिलं काम, वहीत रुपयांच्या आधी माप लिहा. जुन्या वहीत "तेल ५०० रुपये" असं लिहिलेलं असतं. भाव बदलला की ती वही निरुपयोगी होते. त्याऐवजी लिहा, "तेल ४ लिटर, डाळ ५ किलो, सिलिंडर दीड महिन्याला एक". माप फारसं बदलत नाही. दर तीन महिन्यांनी त्यापुढे आजचा भाव घाला. घर चालवायला खरोखर किती लागतात तो आकडा समोर येतो. घरातल्या पुरुष माणसांनाही तो दाखवा. "पैसे पुरत नाहीत" म्हटलं की भांडण होतं, वही दाखवली की बोलणं होतं.

दुसरं काम, आपल्या कामाचा दर तपासा. आमच्या गटांत पोळीभाजी करणाऱ्या, डबे देणाऱ्या कितीतरी जणी जुन्याच दरावर अडून बसल्या होत्या. गिऱ्हाईक तुटेल ही भीती. एकत्र बसून पीठ, तेल, गॅस, डब्याची ने-आण असं सगळं आजच्या भावाने मांडलं, तेव्हा काही जणींना दिसलं की त्यांची मजुरी शून्यावर आली आहे. दर वाढवायचा तर सगळ्या जणींनी मिळून, थोडा, आणि महिनाभर आधी सांगून. तुमच्याकडे लोणची, शेवया, शिलाई, रोजंदारी असं जे असेल त्यालाही हेच लागू.

तिसरं काम, खरेदी एकत्र करा, पण उधारीवर नको. जुलै २०२२ पासून पाकिटबंद, नाव छापलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी लागला. सुटा माल घेतला तर तो लागत नाही. दहा जणींनी मिळून हंगामात पोतं घेतलं आणि वाटून घेतलं तर फायदा होतो. मात्र हिशेब बघा. ५० किलो हरभराडाळ १०० रुपये किलोने घेतली आणि किलोमागे १० रुपये वाचले, तर ५०० रुपये वाचतात. त्यासाठी महिना २ टक्क्यांनी ५००० काढले आणि पाच महिन्यांनी एकदम फेडले, तर व्याजही ५०० होतं. वाचलं ते सगळं व्याजात गेलं. पाकीट घेताना वजनही वाचा. भाव तोच ठेवून आतला माल कमी केलेला असतो.

चौथं काम, महाग कर्ज आधी फेडा. सगळी कर्जं कागदावर मांडा. पुढे महिन्याचं व्याज लिहा. ज्याचं व्याज सगळ्यात जास्त, ते पहिलं. खासगी १० टक्के महिन्याच्या १०,००० रुपयांवर वर्षात १२,००० नुसतं व्याज होतं. ते फेडायला गटाने २ टक्क्यांनी कर्ज दिलं तर वर्षाचं व्याज २४०० होतं, आणि दर महिन्याला मुद्दल फेडत गेलं तर त्याहून कमी. ग्रामीण भागातल्या तुमच्या गटांना आमच्यापेक्षा एक सोय जास्त आहे. ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे आपल्याकडच्या "उमेद"मध्ये, असलेल्या महिला गटांना ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज वर्षाला ७ टक्के व्याजाने मिळतं. गटाची वही आणि परतफेड चोख असेल तर बँकेत जाऊन हक्काने विचारा.

पाचवं, दवाखान्यासाठी दागिना मोडण्याआधी चौकशी करा. परळला केईएम, टाटा, वाडिया या रुग्णालयांत गावाकडून माणसं येतात, तेव्हा कितीतरी जणींनी येतानाच मंगळसूत्र गहाण टाकलेलं असतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या आजारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी तिथे विचारा.

कात्री कुठे लावायची नाही

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. पैसे कमी पडले की घरात पहिली काटछाट कोणाच्या ताटात होते? बाईच्या. आधी तिचं दूध बंद होतं, मग फळ, मग डाळीचं पातळ पाणी होतं. त्यानंतर मुलीची शिकवणी. हे खर्च गप्प असतात, कोणी मागायला येत नाही, म्हणून ते आधी जातात. ते वाचवून काही उरत नाही. पुढे रक्त कमी म्हणून दवाखान्यात जास्त जातात, आणि शाळा सुटलेली मुलगी परत शाळेत जाणं फार अवघड असतं. म्हणून मापाच्या वहीत पहिल्या पानावर हे लिहा: घरातल्या प्रत्येक बाईचं आणि मुलीचं खाणं, आणि मुलीची फी. बाकीची काटछाट त्याखालच्या ओळींत.

येत्या बैठकीला प्रत्येकीने एकच करा. आपल्या घराला महिन्याला काय काय आणि किती लागतं, ते किलो-लिटरमध्ये लिहून आणा. भाव सगळ्या जणी मिळून घालू. एकीला तेलाचा स्वस्त दुकानदार माहीत असतो, दुसरीला डाळीचा. चार जणींच्या वह्या शेजारी ठेवल्या की कोण कुठे नागवली जाते तेही दिसतं. आम्ही इकडे लालबाग-परळला हेच करतो आहोत. तुमच्याकडचे आकडे आणि अडचणी केंद्राकडे कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.